शंभर शतकांमागचे प्रश्न



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर स्कोअरबुक घेऊन बसायचे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून आज आकड्यांचाच विषय निवडला. सचिन तेंडुलकरची आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली शंभर शतकं : कसोटीत 51, एकदिवसीय सामन्यांत 49. हा आकडा आपल्या घराघरांत पाठ आहे. मला त्याच्या आत शिरायचं आहे.

स्कोअरबुक ज्यांनी लिहिलंय त्यांना माहीत आहे, की त्यात फलंदाजाच्या नावापुढे एक ओळ असते आणि खाली गोलंदाजांचे रकाने असतात. फलंदाजाने काढलेल्या धावा त्याच्या ओळीत पडतात. निर्धाव चेंडूचा ठिपका मात्र गोलंदाजाच्या रकान्यात पडतो. म्हणजे फलंदाजाने काय केलं ते त्याच्या ओळीत दिसतं. त्याने काय सोडलं, काय सोसलं, कशाची वाट पाहिली, ते पाहायला नजर खाली न्यावी लागते. शतकांचा विक्रम सांगताना आपण नेहमी वरची ओळ वाचतो. आज खालचे रकानेही वाचू या.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. शतक हे उत्तर असतं आणि त्याच्या आधी एक प्रश्न असतो. तो प्रश्न गोलंदाजाने घातलेला असतो, खेळपट्टीने घातलेला असतो, कधी सामन्याच्या स्थितीने, कधी स्वतःच्या शरीराने. तो पाहिल्याशिवाय शतकाची किंमत कळत नाही. सचिनच्या विक्रमाचं मोठेपण असं, की बावीस वर्षांच्या आसपासच्या काळात प्रश्न सतत बदलत गेले आणि जुन्या उत्तरावर भागवून घेण्याचा मोह त्याने टाळला.

त्याच्या आधी भारतीय शतकाचा प्रश्न काय होता, तिथून सुरुवात करायला हवी.

भारताकडून पहिलं कसोटी शतक झालं ते मुंबईत, बॉम्बे जिमखान्यावर, डिसेंबर 1933 मध्ये. लाला अमरनाथ यांनी जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध 118 धावा केल्या. भारतातला तो पहिलाच कसोटी सामना होता आणि आपण तो हरलो. परदेशातली पहिली दोन शतकं 1936 साली मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर, एकाच डावात झाली : मुश्ताक अली 112 आणि विजय मर्चंट 114. दोघांनी सलामीला 203 धावा जोडल्या आणि सामना वाचला. मग 1948 च्या जानेवारीत सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर, एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं केली : 116 आणि 145. आपण डावाने हरलो.

या सगळ्या खेळींमध्ये एक सूत्र आहे. संघ दुबळा, समोर बलाढ्य, आणि एक माणूस उभा राहून सांगतो आहे की आम्हालाही खेळता येतं. शतक तेव्हा हरणाऱ्या संघाची अब्रू राखायचं.

सुनील गावसकर आले आणि प्रश्न बदलला. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी चार कसोटींत 774 धावा केल्या, चार शतकं ठोकली, आणि भारत मालिका जिंकला. पुढची सोळा वर्षं त्यांच्या बहुतेक डावांना एकच जबाबदारी होती : नवा चेंडू, वेगवान गोलंदाज, आणि आपण बाद झालो तर मागे फार काही नाही, ही जाणीव. पॉली उम्रीगर यांची 12 शतकं हा तोवरचा भारतीय उच्चांक होता. गावसकर 34 पर्यंत पोचले. डिसेंबर 1983 मध्ये मद्रासला नाबाद 236 करून त्यांनी ब्रॅडमनची 29 शतकं मागे टाकली. पण त्याच गावसकरांना एकदिवसीय क्रिकेटमध्ये शतक मिळालं ते एकच, ऑक्टोबर 1987 मध्ये नागपूरला. भारताचं पहिलं एकदिवसीय शतक तर 18 जून 1983 ला झालं, टनब्रिज वेल्सला, कपिल देव यांचं नाबाद 175. म्हणजे सचिनने पदार्पण केलं तेव्हा भारतीय फलंदाजाला एकदिवसीय शतक माहीत होऊन जेमतेम साडेसहा वर्षं झाली होती. कसोटी शतकाची परंपरा त्याला आयती मिळाली. एकदिवसीय शतकाची जवळजवळ घडवावी लागली. 51 आणि 49 हे दोन आकडे दिसायला जुळे वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत.

आता थोडं मुंबईच्या मैदानांविषयी. मुंबईच्या फलंदाजीला लोक खडूस म्हणतात, आणि मुंबईकर ते कौतुक म्हणूनच घेतो. खडूस म्हणजे विकेट फुकट न देणारा. शतक झालं की पुन्हा गार्ड घ्यायचा आणि डाव शून्यापासून सुरू झालाय असं समजायचं, हा तिथला धडा. भर पावसाळ्यात कांगा लीग खेळताना ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी अंगावर उसळतो. तिथे चाळीस धावा करणाऱ्याला जाणते लोक शतकवीराच्या पंगतीत बसवतात. सचिन याच मैदानांवर तयार झाला.

शिवाजी पार्कवर त्याचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणं मिळायचं. कुणालाच बाद करता आलं नाही तर ते सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. या खेळात धावांचा हिशेब कुठेच नाही, हे लक्षात घ्या. दमलेल्या मुलाने शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत टिकायचं, एवढीच अट. एका मैदानावरचा सामना संपला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दुसरा डाव खेळायला. आणि त्याच्या खेळाला त्यांनी कधी तोंडावर शाबासकी दिली नाही. वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. एका दिवसात दोनदा शून्यावरून सुरुवात करणं त्याच्या अंगात लहानपणीच मुरलं. पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तो एकूण 782 डाव खेळला. त्यांतले 682 शतकाविना संपले. आठातल्या सात वेळा तो शतकाशिवाय परतला आणि पुढच्या डावाला पुन्हा शून्यावर उभा राहिला. शंभर शतकांच्या पायाशी हे 682 डाव आहेत.

पहिलं शतक 14 ऑगस्ट 1990 चं. मैदान तेच, ओल्ड ट्रॅफर्ड, जिथे चोपन्न वर्षांपूर्वी मर्चंट आणि मुश्ताक अली उभे होते. सचिनचं वय 17 वर्षं 112 दिवस. भारतासमोर शेवटच्या दिवशी 408 धावांचं लक्ष्य. अझरुद्दीन गेला, कपिल देव गेला, 6 बाद 183. हा सामना हातातून गेला, असं मैदानावरच्या प्रत्येकाला वाटत असणार. समोर मनोज प्रभाकर. त्या दोघांनी दिवस संपेपर्यंत यष्टी जाऊ दिली नाही, 160 धावा जोडल्या, भारत 6 बाद 343 आणि सामना अनिर्णित. सचिन नाबाद 119, प्रभाकर नाबाद 67.

धावफलक वाचताना दोन गोष्टी नजरेत भरतात. सचिनने या 119 धावा 189 चेंडूंत केल्या, सतरा चौकारांसह. सामना वाचवायला निघालेल्या पोराचा हा वेग आहे. वाईट चेंडूला मान द्यायचा नाही, आणि चांगल्या चेंडूला घाबरायचं नाही. दोन्ही एकाच वेळी. दुसरी गोष्ट म्हणजे प्रभाकर. त्याच्या 67 धावा त्या दिवशीच्या शतकाइतक्याच मोलाच्या होत्या. शतक एकाच्या नावावर लागतं, पण समोरच्या टोकाला कुणी तरी उभं राहिलेलं असतं. शंभर शतकांच्या यादीत नॉनस्ट्रायकरचाही रकाना हवा होता, असं मला फार वाटतं.

कसोटीतलं पहिलं शतक सतराव्या वर्षी आलं. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं शतक मात्र 79 व्या सामन्यात. पाच वर्षं लागली. कारण साधं होतं. तो खाली फलंदाजीला यायचा, मोजकी षटकं उरलेली असायची, आणि मिळेल तेवढ्यात धावा कुटायच्या असायच्या. 27 मार्च 1994 ला ऑकलंडला सलामीवीर सिद्धूची मान आखडली. सचिनने कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे सलामीला जाण्याची संधी मागितली, आणि 49 चेंडूंत 82 धावा केल्या. त्या दिवशी शतक झालं नाही, पण एकदिवसीय शतकाचा मार्ग तिथे सापडला. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 110 धावा झाल्या. पुढे त्याच्या 49 एकदिवसीय शतकांपैकी 45 सलामीला येऊन झाली. शतक करायला आधी शतक करण्याइतका वेळ मिळावा लागतो, आणि तो वेळ त्याने मागून घेतला. संधी मागण्यात धोकाही असतो. अपयश आलं असतं तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

1998 हे वर्ष सगळ्यांना आठवतं ते शारजामुळे. त्या वर्षी त्याची नऊ एकदिवसीय शतकं झाली. पण त्या वर्षातली मला सर्वांत शिकवून जाणारी खेळी आहे ती मार्चमधली, चेन्नईची कसोटी. शेन वॉर्न भारतात आला होता. वॉर्नच्या विरुद्ध खरी भीती लेग स्टंपच्या बाहेरची. गोलंदाजांच्या बुटांनी तिथली जमीन खरवडली जाते, आणि राउंड द विकेट येऊन वॉर्न चेंडू नेमका त्या खरवडलेल्या जागी टाकायचा. तिथून तो हातभर वळायचा. पॅडने अडवत राहिलं तर धावा थांबतात, बॅट घातली तर स्लिपमध्ये झेल.

सचिनने काय केलं? त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णन या जुन्या लेगस्पिनरला सरावाला बोलावलं. नेटमधल्या खेळपट्टीवर लेग स्टंपबाहेरची जागा मुद्दाम खरवडली, आणि शिवरामकृष्णनला सांगितलं, इथेच टाकत राहा. चेंडूमागून चेंडू. वळणाऱ्या चेंडूला मिडविकेटच्या दिशेने उचलून मारायचा फटका त्याने तिथे पक्का केला. पायाची हालचाल, डोक्याची जागा, बॅट कुठून खाली यायची, हे सगळं सामन्याच्या आधी ठरलं.

आणि मग पहिल्या डावात काय झालं? वॉर्नने त्याला चार धावांवर बाद केलं. टेलरने स्लिपमध्ये झेल घेतला. इतकी तयारी आणि चार धावा. दुसऱ्या कुणाचा धीर सुटला असता, त्याने बेत बदलला असता. सचिनने बदलला नाही. पहिल्या डावात भारत 71 धावांनी मागे होता. दुसऱ्या डावात सचिनने 191 चेंडूंत नाबाद 155 केल्या, वॉर्नला त्या खरवडलेल्या जागेतूनच मिडविकेटवरून भिरकावलं, आणि भारत 179 धावांनी जिंकला. प्रेक्षकांनी षटकार पाहिले. स्कोअरबुकात त्यांचे आकडे आले. नेटमधल्या त्या दुपारी कुठेच नोंदलेल्या नाहीत, आणि माझ्या मते त्या शतकाचा निम्मा भाग तिथे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला सहा वर्षांनंतरची सिडनीची खेळी आहे, जानेवारी 2004. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या मालिकेत तोवर सचिनच्या धावा होत्या 0, 1, 37, 0 आणि 44. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावण्याच्या नादात तो चुकत होता. तिशी ओलांडलेला फलंदाज, जगातला सर्वांत नावाजलेला कव्हर ड्राइव्ह हाताशी, आणि त्याने ठरवलं की तो फटका खेळायचाच नाही. 436 चेंडू तो खेळला, नाबाद 241 धावा केल्या, 33 चौकार मारले, आणि कव्हर ड्राइव्ह बंद ठेवला. समोरून व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने 178 धावा केल्या. दोघांची भागीदारी 353 धावांची झाली आणि भारताने 7 बाद 705 वर डाव घोषित केला.

ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज दिवसभर ऑफ स्टंपबाहेर आमिष टाकत होते आणि तो चेंडू जाऊ देत होता. कंटाळून ते स्टंपांकडे वळले की तो ऑनला ढकलायचा. हा डाव खालच्या रकान्यांतच वाचायला हवा. प्रत्येक ठिपका म्हणजे मोह टाळल्याची खूण आहे. माणसाला आपली उणीव सोडायला सांगितलं तर तो प्रयत्न करतो. आपलं सर्वांत लाडकं कौशल्य, ज्यासाठी लोक टाळ्या वाजवतात ते, दहा तास बाजूला ठेवायला फार मोठा ताबा लागतो. चेन्नईत त्याने नवा फटका घडवला, सिडनीत जुना फटका आवरला. दोन्हीकडे उत्तर वेगळं, कारण प्रश्न वेगळा.

आता एका आक्षेपाकडे येतो. सचिनची शतकं झाली की भारत हरतो, तो स्वतःच्या विक्रमासाठी खेळतो, असं वर्षानुवर्षं बोललं गेलं. चहाच्या टपरीवर बोललं गेलं, स्टुडिओत बोललं गेलं. गणिताच्या सरांच्या व्याख्यानमालेत याचं उत्तर हिशेबानेच द्यायला हवं. शंभरपैकी 53 सामने भारत जिंकला, 25 हरला, 20 कसोटी अनिर्णित राहिल्या, एक सामना बरोबरीत सुटला आणि एक निकालाविना संपला. नुसती एकदिवसीय शतकं घेतली तर 49 पैकी 33 विजय. जिंकलेले सामने हरलेल्यांच्या दुपटीहून जास्त आहेत. आक्षेप इथेच निकालात निघतो.

पण मला पुढे जाऊन त्या पराभवांकडेही पाहायचं आहे. 22 एप्रिल 1998 ला शारजात भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला. नोंद पराभवाची आहे. त्या रात्री वाळूच्या वादळाने खेळ थांबला, षटकं कापली गेली, आणि अंतिम सामन्यात जायला भारताला 237 धावा पुरेशा होत्या. सचिनच्या 143 धावांमुळे आपण त्या ओलांडल्या, आणि दोन दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याच्या 134 धावांवर भारताने करंडक जिंकला. मग त्यांतलं पहिलं शतक पराभवाच्या खात्यात टाकायचं का?

किंवा जानेवारी 1999 ची चेन्नई घ्या. पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात 271 हव्या होत्या. 5 बाद 82. पाठीत कळा येत असताना सचिनने नयन मोंगियाला घेऊन 136 धावा जोडल्या. तो स्वतः 136 धावांवर सकलेन मुश्ताकला मोठा फटका मारताना बाद झाला तेव्हा धावसंख्या 254 होती. सतरा धावा, तीन गडी हातात. आपण 258 वर संपलो, बारा धावांनी हरलो. त्या पराभवाचं दुःख आजही आहे. पण त्या डावाला अपुरा म्हणताना त्यानंतर निघालेल्या चार धावांचा आणि पडलेल्या तीन विकेटींचा हिशेबही मांडावा लागतो.

आणि त्याच मैदानावर, जवळजवळ दहा वर्षांनी, चौथ्या डावाचा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. डिसेंबर 2008. मुंबईवर 26 नोव्हेंबरला हल्ला झालेला. इंग्लंडचा संघ परत गेला होता, पुन्हा आला. कसोटी अहमदाबादहून चेन्नईला हलवलेली. लक्ष्य 387. आदल्या संध्याकाळी सेहवागने 68 चेंडूंत 83 धावा करून दार उघडलं होतं. शेवटच्या दिवशी सचिन आणि युवराजने 163 धावांची अभंग भागीदारी केली. सचिनच्या बॅटमधून विजयी चौकार गेला आणि त्याच चौकाराने त्याचं शतक पूर्ण झालं, नाबाद 103. त्याने ते मुंबईच्या माणसांना अर्पण केलं. 1999 मध्ये तो मोठा फटका मारायला गेला होता. 2008 मध्ये त्याने चेंडू जमिनीवर ठेवला, एकेरी-दुहेरी धावांनी लक्ष्य पोखरलं. मधल्या दहा वर्षांत तो काय शिकला ते या दोन खेळी शेजारी ठेवल्या की दिसतं.

इथे भारतीय शतकाची गोष्ट एका वळणावर पोचते. 1933 मध्ये शतक अब्रू राखत होतं. गावसकरांच्या काळात ते सामना सावरत होतं. 2008 मध्ये चौथ्या डावात जवळजवळ चारशेचा पाठलाग करताना भारतीय ड्रेसिंग रूममध्ये जिंकण्याची भाषा होती. हा बदल एकट्या सचिनने घडवला नाही. कुंबळे, द्रविड, लक्ष्मण, गांगुली, सेहवाग, झहीर खान, हरभजन या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण त्या बदलाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मैदानावर असलेला फलंदाज तो एकच.

यादीचा आणखी एक पैलू सांगतो. शंभरपैकी वीस शतकं ऑस्ट्रेलियाविरुद्ध आहेत. त्या काळात जगातला सर्वांत बलवान संघ तोच होता. कसोटीतल्या 51 पैकी 29 शतकं परदेशात आहेत, 22 घरी. पर्थ, जोहान्सबर्ग, लीड्स, केपटाउन, कोलंबो : प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, वारा वेगळा. कधी अडचण मैदानाबाहेरचीही होती. विश्वचषक चालू असताना वडील प्रा. रमेश तेंडुलकर 19 मे 1999 ला गेले, आणि अंत्यसंस्कार करून परत इंग्लंडला जाऊन त्याने 23 मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 केल्या. केनियाचा संघ दुबळा होता, हे खरं. त्या दिवशीची अडचण गोलंदाजीत नव्हतीच. म्हणून प्रतिस्पर्ध्याचं नाव पाहून शतकाची प्रत ठरवणाऱ्यांनाही थोडं थांबायला सांगावंसं वाटतं.

आता शेवटचं शतक. नव्याण्णवावं झालं 12 मार्च 2011 ला, नागपूरला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. मग एक वर्ष आणि चार दिवस गेले. मधे विश्वचषक जिंकला, ओव्हलवर तो 91 वर पायचीत झाला, वानखेडेवर घरच्या लोकांसमोर 94 वर झेल गेला. जिथे जावं तिथे एकच चौकशी : शंभरावं कधी? अखेर 16 मार्च 2012 ला मीरपूरला बांगलादेशाविरुद्ध 114 धावा झाल्या. शतकाला 138 चेंडू लागले. भारत 289 पर्यंत पोचला आणि सामना हरला.

ही खेळी झाकून ठेवण्याची गरज मला वाटत नाही. तिच्यात मोठा धडा आहे. नव्याण्णव वेळा समोर एखादा गोलंदाज होता, खेळपट्टी होती, लक्ष्य होतं. शंभराव्या वेळी एक संख्या समोर उभी केली गेली, आणि ती त्याने नव्हे, आपण सगळ्यांनी उभी केली. इतका कसलेला फलंदाज त्या ओझ्याखाली वर्षभर अडला. मग शाळेच्या सामन्यात मुलगा सत्तरीत असताना सीमारेषेवरून तीस राहिले, तीस राहिले असं ओरडणाऱ्या पालकांनी आपण त्याच्या खांद्यावर काय ठेवतो आहोत याचा विचार करावा. त्याला धावफलक दिसतो. त्याला चेंडू पाहू द्या.

विक्रम मोडायचेच असतात. 15 नोव्हेंबर 2023 ला वानखेडेवर विराट कोहलीने न्यूझीलंडविरुद्ध पन्नासावं एकदिवसीय शतक केलं, 279 डावांत. सचिनला 49 करायला 452 डाव मिळाले होते. त्या दिवशी सचिन स्टेडियममध्ये होता आणि विराटने त्याच्याकडे पाहून वाकून नमस्कार केला. लगेच तुलना सुरू झाली. विराटचे प्रश्न वेगळे होते : पाठलागाचा ताण, तीन प्रकारच्या क्रिकेटमधली ओढाताण, दोन टोकांनी दोन नवे चेंडू. त्याची उत्तरं त्याची आहेत आणि ती फार मोठी आहेत. त्याने कसोटी क्रिकेट 2025 मध्ये 30 शतकांवर थांबवलं. एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेवर ठेवून गुण देता येत नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः इथे बसलेल्या तरुण प्रशिक्षकांना आणि मुलामुलींना. पुढच्या वेळी कुणाचंही शतक झालं, भारताचं असो वा शाळेचं, मुलाचं असो वा मुलीचं, तर चार गोष्टी विचारा. तो किंवा ती मैदानात आली तेव्हा धावसंख्या काय होती? समोर गोलंदाज कोण होते? दुसऱ्या टोकाला कोण उभं राहिलं? आणि कोणता फटका खेळायचा टाळला? या चार उत्तरांनी चाळिशीची एखादी खेळी शतकाहून मोठी ठरेल, आणि तसं ठरलं तर मोकळेपणाने म्हणा. मैदानावर ते म्हटलं जातं. घरात आणि वर्तमानपत्रात ते म्हटलं गेलं पाहिजे.

शंभर शतकांचा विक्रम कधी तरी मोडेल. तो मोडणाऱ्याला सचिनची उत्तरं उपयोगी पडणार नाहीत, कारण गोलंदाज बदललेले असतील, चेंडू बदललेला असेल, क्रिकेटच बदललेलं असेल. त्याला स्वतःचे शंभर प्रश्न स्वतः सोडवावे लागतील. सचिनकडून त्याने घेण्यासारखी गोष्ट एकच : चार धावांवर बाद झाल्यावरही तयारीवरचा विश्वास न सोडणं. तेवढं ज्याला जमेल, त्याचं नाव या यादीत आलं काय आणि न आलं काय, तो चांगला फलंदाज झालेला असेल.